मधल्या व्हायलचा वारस

जर्व्हिस कोल्ब्रँड मेला त्या आठवड्यात राजवाड्यात तीन बायका रडल्या, आणि त्यांतली एक सरदाराची मुलगी होती. मी मेलो तर माझी बायको सिसली रडेल, तीसुद्धा त्या वेळी कांदा चिरत असली तर.

वीसएक वर्षं मी या माणसाला पाण्यात पाहत आलो. राजेसाहेब जेवायला बसले की आम्ही पाच जण व्हायल वाजवतो. वाद्य गुडघ्यांत धरायचं आणि गजाने वाजवायचं. सगळ्यात लहान व्हायल वरचे सूर वाजवते, ती जर्व्हिसची. मोठ्या व्हायल खालचे सूर धरतात, त्या दुसऱ्यांच्या. मधली माझी. वरचा सूर म्हणजे चाल, लोक तीच गुणगुणत घरी जातात. खालचा सूर पोटात घुमतो, म्हणून त्यालाही मान. मधल्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. जेवण संपलं की चांदीचा पेला, रेशमी मोजे, नाही तर निदान एखादं गोड हसू जर्व्हिसकडे जायचं, आणि मी आपला गजाला राळ घासत बसायचो. त्याच्या अंगावर मखमल असायची, तो फ्रेंचांसारखा वाकून नमस्कार करायचा, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठा असून त्याचे केस काळे होते. ते केससुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायचे.

मरताना त्याच्याजवळ मी होतो. का गेलो होतो? खरंच मरतोय का ते बघायला. आमच्याकडे मरणाऱ्याला लिहायला सवड मिळाली नाही, तर तो जवळच्या माणसांना तोंडानेच सांगतो, आणि ऐकणाऱ्यांनी बिशपच्या कचेरीत बायबलवर हात ठेवून तेच पुन्हा सांगायचं. ते बोलणं म्हणजेच मृत्युपत्र. तिथे मी होतो आणि त्याची घरमालकीण टिब होती, जिला मोठ्याने बोललेलंच तेवढं ऐकू येतं.

"सगळं ॲग्निसला," जर्व्हिस म्हणाला. मग कुशीवर वळून अगदी हळू म्हणाला, "आणि माझ्या पोराला वाजवू द्या."

टिबला फक्त ॲग्निस ऐकू आलं. पोराचं मी एकट्याने ऐकलं.

आता हा पोरगा माझ्या किती आड येत होता ते सांगतो. दरबारातली वादकाची जागा मुलाला जाते. मुलगा नसेल, किंवा त्याला वाजवता येत नसेल, तर शेजारचा वर सरकतो. शेजारचा म्हणजे मी. पन्नाशीला आलो होतो, आणि पहिल्यांदाच ती लहान व्हायल माझ्या हाताच्या अंतरावर होती. आमच्या मंडळाचे मुख्य मास्टर पेनिफेदर मला म्हणाले, "ॲबेल, तूच त्याचा जवळचा. कोण ही ॲग्निस, मूलबाळ आहे का, काय ठेवून गेलाय, सगळं शोधून ये. मग जागेचं बघू."

घरी सिसलीला सांगितलं.

"पोराचं तुम्ही एकट्यानेच ऐकलंत?" ती म्हणाली.

"एकट्यानेच."

"मग नाही ऐकलंत."

"बायबलवर हात ठेवायचाय, सिसली."

"टिबसुद्धा ठेवणारच आहे की. तिला ऐकू आलं नाही म्हणून काय ती नरकात जाणार? वीस वर्षं मधे बसलात, आता तरी वर सरका. मला त्या शेजारच्या सुताराच्या बायकोला एकदा तोरा दाखवायचाय."

मी शोधाला लागलो. ही ॲग्निस दरबारातलीच कुणीतरी असणार, निळ्या डोळ्यांची, अशी माझी खात्री होती, आणि तिच्यावरूनही माझा जळफळाट होत होता. त्याचा शिंपी म्हणाला, अशी कुणी माहीत नाही. न्हावी म्हणाला, केसांना कलप लावायचा एवढं माहीत आहे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. शेवटी ग्रिनिचच्या धक्क्यावरच्या एका नावाड्याने सांगितलं की दर उन्हाळ्यात मास्टर जर्व्हिस फॅव्हरशमला जायचे आणि येताना चेरीच्या टोपल्या आणायचे. त्या टोपल्या मला ठाऊक होत्या. कुण्या चाहतीने पाठवल्यात असं सांगून तो त्या बायकांत वाटायचा. मला कधी एक चेरी दिली नाही.

मी होडीने फॅव्हरशमला गेलो. धक्क्यावर एक जण कालवं फोडत बसला होता. त्याला विचारलं, राजाचे वादक मास्टर कोल्ब्रँड इथे कुठे राहायचे?

"राजाचे वादक? इथे?" तो हसला. "एक कोल्ब्रँड होता, चेरीवाला. लंडनला कुठेतरी कामाला असायचा. झाडं छाटायला यायचा, पण हात असा जड की फांदीऐवजी झाडच जायचं. त्याची बायको मागून सगळं निस्तरायची."

"बायको?"

"ॲग्निस. ते बघा, टेकाडाखाली तिची बाग. पण जरा जपून, तिचा पोरगा घरात असला तर कान झाकून जा. दहा वर्षं झाली घासतोय ते लाकूड, पण अजून एक धड चाल येत नाही त्याला. आमचं कुत्रंसुद्धा उठून जातं."

ते ऐकून मी पोटभर कालवं खाल्ली. पोरगा आहे, पण त्याला वाजवता येत नाही. खोटं बोलावं लागणार नाही आणि जागाही माझीच. देव इतका सोयीचा मला कधी वाटला नव्हता.

बाग मोठी होती, आमच्या सगळ्या गल्लीएवढी, आणि फुलावर आलेली. सगळ्यांना वाटायचं, जर्व्हिसचा पैसा मखमलीत जातो. आणि तो इथे झाडं लावत होता. माझ्याकडे एका कुंडीत पुदिना आहे. मी कुंपणाशी उभा राहून ती झाडं बघत होतो, आणि तेवढ्यात घरातून व्हायल ऐकू आली.

कालववाल्याचं चूक नव्हतं. चाल नव्हतीच. एक सूर धरून ठेवायचा, मधेच दोन पायऱ्या खाली, मग गप्प, मग पुन्हा तोच सूर. कुणालाही वाटेल की वाजवणारा वाट चुकलाय. पण मला पुढचा सूर आधीच माहीत होता. त्याच्या पुढचाही. दरबारात प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त स्वतःच्या सुरांचा कागद असतो, दुसऱ्याचं काय आहे ते कुणी बघत नाही. घरात जे चाललं होतं ते माझ्या कागदावरचं होतं. पोरगा मधली व्हायल वाजवत होता. शेवटाच्या आधी मी जरासा थांबतो, तिथे तो थांबला. आणि माझ्यापेक्षा चांगला थांबला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याजवळ स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि तेही या माणसाने चोरून इथे आणून ठेवलं होतं.

दार उघडलं ते एका जाड्या, लाल गालांच्या बाईने. हातभर पीठ लागलेलं. ही ॲग्निस. निळे डोळे नव्हते. मी नाव सांगितलं तशी तिने पिठाच्या हातांनीच माझे दोन्ही हात धरले.

"मास्टर ॲबेल? अगं बाई. या, आत या. बार्नबी, बघ कोण आलंय. तुझे मास्टर ॲबेल."

पोरगा उठून उभा राहिला. विशीतला, बापासारखा उंच, पण बापाचा तोरा नावाला नाही. तो माझ्याकडे बिशपकडे बघावं तसं बघत होता.

जर्व्हिस गेल्याचं तिला कळलं होतं. बरंच रडून झालं असावं, कारण डोळे सुजलेले होते. तिने मला मटणाचं सारण भरलेली पोळी वाढली आणि समोर बसली.

"लंडनला मला कधी नेलं नाही हो," ती म्हणाली. "मी असली शेतातली. म्हणायचे, तिथे लग्न झालेल्याला कुणी पेला देत नाही. बरं, नका नेऊ. पण आले की याला घेऊन बसायचे. मी म्हणायची, अहो, पोराला एखादी चाल तरी शिकवा, गावात हसतात. तर म्हणायचे, चाल कुणीही वाजवेल. ॲबेलचं वाजवायला शिक. दरबारात वाजवतो फक्त ॲबेल, मी नुसता त्याच्या खांद्यावर बसून हात हलवतो."

"असं म्हणायचा?"

"दरवेळी."

"मला कधी बोलला नाही."

"कसे बोलतील?" ती भाबडेपणाने म्हणाली. "घाबरायचे ना तुम्हाला. तुमच्या मुख्यांनी त्यांना दोनदा विचारलं होतं म्हणे, ॲबेलला वर बसवू का? यांनी सांगितलं, छे, त्याला झेपणार नाही. हे मला सांगितलं त्या रात्री इथे जेवले नव्हते. म्हणाले, ॲग्निस, त्याला एकदा कळलं की तो कोण आहे, तर मी संपलो."

मी पोळी बाजूला सारली. आयुष्यात ऐकलेली सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती त्याने इथे, चेरीच्या झाडांना ऐकवून ठेवली होती. माझा वीस वर्षांचा मत्सर मला फुकट गेल्यासारखा वाटला, कारण तोही तिकडे माझ्यावर तितकाच जळत होता आणि मला पत्ता नव्हता. मला रडू येत होतं आणि त्याला थडग्यातून काढून झोडपावंसंही वाटत होतं.

मग मी भिंतीवरची जर्व्हिसची जुनी लहान व्हायल काढली आणि पोराला म्हणालो, "चल, बस. मी वरचं वाजवतो."

आम्ही वाजवलं. खाली बार्नबीचा सूर होता आणि वर मी होतो, आणि मला काही करावंच लागत नव्हतं. जिथे पाऊल टाकावं तिथे फरशी आधीच अंथरलेली. मी इतका चांगला वाजवतो हे मला माहीत नव्हतं. आणि वाजवता वाजवताच कळलं की मी वाजवत नाहीये, पोरगा वाजवतोय.

बिशपच्या कचेरीत मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ॲग्निसला बाग, घर, मखमल, सगळं मिळालं. पोराबद्दलही बोललो. मास्टर पेनिफेदरनी त्याला ऐकलं आणि म्हणाले, याला वरचं येत नाही, पण मधलं असं कुणी वाजवलेलं मी ऐकलं नाही. माझ्यासमोर म्हणाले. मग बार्नबी माझ्या खुर्चीत बसला आणि मी जर्व्हिसच्या. सगळा दरबार मला थोर म्हणू लागला, मित्राच्या पोराला हाताला धरून आणलं म्हणून. सिसलीला आधी पटेना, पण सुताराच्या बायकोसमोर तिने ते मान्य केलं.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या मेजवानीत आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवलं. एकदाही गज अडला नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या, या टकल्याकडे. संपल्यावर मला पेला आला, आतून सोन्याचा मुलामा दिलेला. सरदाराची तीच मुलगी येऊन म्हणाली की मास्टर जर्व्हिस गेल्यापासून असं ऐकलं नव्हतं. मी फ्रेंचांसारखा वाकलो.

फक्त एक गोष्ट झाली. वाजवणं चालू असताना टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या उमरावाने खाणं थांबवलं आणि मान वळवून तो मधे बघायला लागला. माझ्याकडे नाही, पोराकडे. शेवटपर्यंत तिकडेच बघत होता. वीस वर्षं मी तिथे बसलो, पण तिकडे अशी कुणाची मान वळलेली मी पाहिली नाही.

सगळे पांगल्यावर बार्नबी माझ्याजवळ आला. गज छातीशी धरलेला, तोंड लाल. त्याच्याकडे पेला नव्हता आणि त्याला तो नकोही होता.

"मास्टर ॲबेल, माझं कसं झालं?"

काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. ते ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो.

"जरा मोठं वाजवतोस," मी म्हणालो. "मधला सूर असा कानावर येता कामा नये."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "उद्यापासून हळू वाजवतो." आणि माझी व्हायल पुसायला घेऊन गेला.