पाटीवरचा घाबरट

बंदरावरच्या संग्रहालयात बुडालेल्या जहाजांचं दालन उघडलं त्या सकाळी लेक म्हाताऱ्या बापाला हाताला धरून घेऊन गेली, आणि जुन्या बचाव-होडीजवळची पाटी वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘सहा वल्हेकऱ्यांपैकी एक जण भीतीने काठावर राहिला. पाच जणांची होडी जहाजापर्यंत पोहोचू शकली नाही.’

तो एक जण म्हणजे तिचा बाप. सगळं बंदर त्याला ‘काठावरचा’ म्हणायचं. त्या नावापायी हिचं ठरलेलं लग्नसुद्धा मोडलं. खरं काय ते तिला आईकडून कळलं होतं. बापाने कधी तोंड उघडलं असेल तर शपथ!

“कुणी लिहिलं हे?” ती व्यवस्थापकावर कडाडली. “बुडत्या जहाजावर ज्याचं रक्ताचं माणूस असेल, त्याने वल्हं धरायचं नाही, असा नियम होता. तो आपल्याच माणसाला शोधत बसेल म्हणून! माझा काका होता जहाजावर. बाबांना होडीतून उतरवलं होतं, कळलं?”

“मी काय मनाचं लिहिलंय का, बाई? तांडेलांनी सांगितलं तसं लिहिलं.”

होडीचा म्होरक्या तांडेल नवा कोट घालून पहिल्या रांगेत मिरवत बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “तांडेल, खरं बोला. बाबांना कुणी उतरवलं?”

त्याने दोनदा घसा खाकरला. “मीच. पण तसं सांगितलं असतं तर एक वल्हं कमी पडल्याचं खापर माझ्यावर फुटलं असतं गं. लोकांनी मला फाडून खाल्लं असतं.”

“म्हणून माझ्या बापाच्या डोक्यावर फोडलंत? जन्मभर? जनाची नाही, निदान मनाची तरी?”

बापाने तिला बाजूला सारलं.

“सहावं वल्हं असतं तर पोचली असती होडी?” त्याने तांडेलाला विचारलं.

“आता कशाला उकरून काढतोस?”

“पोचली असती?”

तांडेलाने मान खाली घातली. “हो.”

व्यवस्थापक घाईघाईने मध्ये पडला. “आजोबा, पाटी आजच बदलतो. ‘शूर वल्हेकरी’ असं लिहू?”

“शूर?” बाप ओरडला. त्याचा चढलेला आवाज लेक पहिल्यांदाच ऐकत होती. “लिही, सख्खा भाऊ हाका मारत होता आणि हा गाढव काठावर उभा राहून नियम पाळत होता!”