ज्याच्यावर शिट्टी वाजली नाही

मी शिट्टी बोलतेय. पण त्याआधी तुमच्या पिशवीत काय आहे ते दाखवा.

रागावू नका, सवयच आहे माझी. मरोळच्या या एवढ्याशा बागेत सकाळी साडेपाचला माणसं रिकामी पिशवी घेऊन येतात आणि फुगलेली घेऊन जातात, हे मी आठ वर्षं बघतेय. देवाला फुलं हवीत, पण ती स्वतःच्या कुंडीतली नकोत, बागेतलीच हवीत. हटकलं की म्हणतात, "दोनच घेतली हो." त्यांचे दोन म्हणजे किती, हे त्यांच्या पिशवीलाच ठाऊक.

माझा जन्म इथून हाकेच्या अंतरावर, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, वर चकचकीत मुलामा चढवला आणि पोटात कॉर्कची एक गोळी टाकली. ती गोळी फिरते म्हणून माझा आवाज फिरतो. पहिल्याच फुंकरीला मी अशी किंचाळले की शेजारी जेवायला बसलेला कारागीर डबा सोडून उभा राहिला. तेव्हाच कळलं की आपला जन्म दुसऱ्याला दचकवण्यासाठी आहे.

पहिले मालक शाळेतले कवायतीचे सर. त्यांच्याकडे मी संशय घ्यायला शिकले. सर म्हणायचे, "चुळबुळ करणारी पोरं साधी असतात. जो फार सरळ उभा आहे ना, त्याच्याकडे आधी बघावं." सर निवृत्त झाले आणि मला शाळेच्या शिपायाला, लहूला देऊन गेले. पुढे लहूही निवृत्त झाला आणि ओळखीने या बागेचा रखवालदार झाला. मी त्याच्या गळ्यातल्या दोरीला. सरांचं ते वाक्य मात्र मी शाळेतच विसरून आले, आणि ते मला फार महागात पडलं.

बागेच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात गुलाबी फुलांचं एक झाड आहे. नाव टॅबेबुया, पण ते कोणाच्या तोंडी बसत नाही. लोक म्हणतात 'ते पिंकवालं झाड'. दर वसंतात ते फुलतं, पण यंदा ते जे फुललं, तसं कधी फुललं नव्हतं. एक पान दिसेना. फांद्या दिसेनात. बाकावर, वाटेवर, लहूच्या टोपीवर नुसत्या गुलाबी पाकळ्या. लांबलांबून लोक रिक्षा करून यायला लागले.

"अगं, फांदी हलव ना! पाकळ्या पडतायत असं पाहिजे!"

"एक मिनिट यार, केस नीट करू दे!"

फुर्रर्र! मी वाजायची. फांदी सुटायची, आणि लहूची पाठ वळली की पुन्हा हलायची. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटातली गोळी ओली होऊन जड व्हायची.

पण माझा खरा डोळा होता फ्लेविया आंटीवर. पंच्याहत्तरीची म्हातारी, जवळच्याच गावठाणातली. बाग होण्याआधी इथे तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं. ती ना फोटो काढायची, ना फुलं तोडायची. पिशवीसुद्धा आणायची नाही, म्हणून तर मला जास्त संशय. येऊन थेट खोडापाशी उभी राहायची, नखाने साल खरवडायची आणि बोट नाकाशी धरायची. मी मनात म्हटलं, जमीन गेल्याचा राग हिने झाडावर काढायचं ठरवलंय.

एका सकाळी लहूने मला तिच्यावर वाजवलंच. "आंटी, साल का सोलता झाडाची?"

"सोलत नाय रे. जितं हाय का ते बघते."

"जितं? अहो, अख्खी अंधेरी बघायला येतेय इथे!"

"तेच मना बरं दिसत नाय," आंटी म्हणाली. "आमच्या वाडीतला आंबा मेला ना, त्याच्या आधी असाच मोहरला होता. पान नाय, नुसता मोहर. सासरा म्हणाला, झाडाला कळलंय आपण चाललो, म्हणून सगळं देऊन चाललंय. याला कोणी काय केलंय लहू. वास घे."

लहूने वास घेतला. त्याच्या छातीवर लोंबकळत मलाही तो आला. उग्र, नाकात झोंबणारा. तो येत होता खोडावर ठोकलेल्या पत्र्याच्या पाटीमागून. पाटीवर आकडा होता, चारशे बारा.

आणि ती पाटी ठोकताना लहूनेच धरली होती.

दिवाळीनंतरची गोष्ट. स्वच्छ शर्ट, बूट, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र, असा एक माणूस आला होता. म्हणाला, झाडांची मोजणी चालू आहे. फार नीट बोलला, लहूला 'काका' म्हणाला. झाडाला ड्रिलने भोकं पाडली, 'खिळे नीट बसावेत म्हणून'. लहूने त्याला पाणी दिलं, वर पाटी धरून उभा राहिला. वीस मिनिटं. आणि मी? दोन फुलांसाठी ठणाणा करणारी मी त्या वीस मिनिटांत हूं की चूं केलं नाही. तोही गळ्यात पट्टा घालणारा, मीही गळ्यातली. मला तो आपल्यातला वाटला. किती मूर्ख होते मी!

मोजणी म्हणावी, तर बागेतल्या बाकी एकाही झाडाला पाटी नव्हती. हे आमच्या ध्यानात यायला वसंत उजाडावा लागला. आणि झाडामागच्या इमारतीवर जाहिरातीच्या मोठ्या फलकाचा सांगाडा कधी उभा राहिला, तेही तेव्हाच दिसलं. रस्त्यावरून बघितलं तर तो बरोबर या झाडाआड येत होता.

लहूने आपल्या सुपरवायझरला, निलेशला फोन लावला.

"पाटी सरकारी आहे, काका," निलेश म्हणाला. "हात लावलात तर उद्यापासून येऊ नका. माझी पण वाट लावाल."

लहूने फोन खिशात ठेवला. मला हातात घेऊन बाकावर बसला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? झाडाचं बोलून आपलं पोट घालवायचं का? त्याचा अंगठा माझ्यावरून फिरत होता आणि मला काहीच करता येत नव्हतं. माझ्यात माझा श्वासच नाही. कोणी फुंकला तर मी.

रविवारी बाग भरलेली असताना तो निळ्या पट्ट्याचा माणूस पुन्हा आला. फुलांकडे त्याने बघितलंही नाही. खोडावर टकटक केली आणि मान वर करून रस्त्याकडच्या फांद्या न्याहाळल्या. भाजी झाली का बघावं, तसं.

लहू पुढे गेला. "साहेब, ही पाटी जरा काढून दाखवा."

"सरकारी कामात अडथळा आणताय काका. नोकरी जाईल."

"जाऊ दे," लहू म्हणाला आणि त्याने मला ओठांत धरलं.

मी जन्मात वाजले नव्हते तशी वाजले. श्वास संपला की दुसरा घ्यायचा आणि पुन्हा. फोटो काढणारे सगळे मोबाइल आमच्याकडे वळले. तो माणूस आधी हसला, मग फाटकाकडे भराभर चालू लागला, आणि लहूने पट्टा धरला तसा पट्टा सोडून पळाला. ओळखपत्रावर फोटो त्याचा होता. खाली नाव नाही, खातं नाही, नुसत्या रेघा.

आंटीने एका मुलीचं नेलकटर मागून पाटी उचकटली. मागे तीन भोकं. बोटभर खोल, आत काळं, ओलं, आणि ओतलेल्या विषाचा तोच उग्र वास.

"मीच धरली होती पाटी, आंटी," लहू म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

"धरली ना? मग आता पाइप धर," आंटी म्हणाली.

त्या दिवसापासून रोज भोकं पाण्याने धुतली. उद्यान खात्याची माणसं आली, त्यांनी सडलेला भाग कोरून काढला, वर लेप दिला. व्हिडिओ सगळीकडे फिरला म्हणून लहूची नोकरी वाचली. झाडाची रस्त्याकडची बाजू मात्र वाळली, ती कापावी लागली. फलक आता अर्धा दिसतो. म्हणजे त्यांना हवं होतं त्यातलं अर्धं मिळालंच. हे मला अजून खुपतं.

उरलेल्या बाजूला परवा एका डहाळीवर पाच पानं आली. आंटीने मोजली, लहूने मोजली, मग पुन्हा आंटीने मोजली.

माझी गोळी त्या रविवारी चिरली. आता मी वाजते ती घशाला कोरड पडल्यासारखी. लहू नवी शिट्टी आणत नाही, आणि फुलं तोडणाऱ्यांवर आता मला वाजवतही नाही, नुसता हात करतो. संशय काही माझा गेलेला नाही. जायलाही नको. फक्त त्याची जागा बदलली आहे.

तेव्हा या तुम्ही, बहर बघायला जरूर या. फुलांचे फोटो काढून झाले की जरा खाली वाका आणि खोडाचा वास घ्या, एवढंच मागणं आहे माझं. आणि हो, ती पिशवी राहू द्या. गळ्यात काय आहे, ते दाखवा.