देवतळ्याच्या पायऱ्या

दयानंद एकवीस वर्षं किनवटहून देवतळ्याची एसटी चालवत होते, पण त्या तळ्याचं पाणी त्यांनी जवळून कधी पाहिलं नव्हतं. डोंगरावर गाडी वळवायची, दहा मिनिटं थांबायचं, निघायचं. तळं खाली, दीडशे पायऱ्या उतरून. त्यांची बायको चांगुणा मात्र दर चैत्रात त्यांच्याच गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या फेरीनं परतायची. काहीतरी नवस असेल, असं धरून त्यांनी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या चैत्रात, शनिवारी ती पिशवी भरू लागली तेव्हा ते म्हणाले, "मी बी येतो."

दोघं कठड्याला धरून उतरले. जांभळाच्या दाट सावलीत हिरवंगार, निवांत पाणी होतं. लोक पाय धुऊन काठावरच्या देवीकडे जात होते. चांगुणा शेवटच्या पायरीवर बसली. पिशवीतून लाह्या काढून मूठ मूठ पाण्यात सोडू लागली. मासे झुंडीनं वर आले.

"देवीला न्हाई जायचं?"

"जाऊ की. आधी ह्याचं."

"कुणाचं?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "आपल्या थोरल्याचं. माय म्हणायची, इथल्या माशांना लाह्या घातल्या की गेलेल्या लेकराचं पोट भरतं."

नऊ दिवसांचं होऊन ते बाळ गेलं, तेव्हा दयानंद माहूरच्या यात्रेच्या जादा गाडीवर होते. घरी आले तोवर सगळं उरकलं होतं.

"तुमी काई बोलला न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, इसरले."

"इसरतो व्हय? बोललो तर तुला आजून तरास व्हईल, म्हणून गप ऱ्हायलो." त्यांनी विचारलं, "नाव ठिवलं होतं का गं?"

"बारसं कुठं झालं? मनातल्या मनात उमाकांत म्हणायची."

त्यांनी हात पुढे केला. तिनं त्यात लाह्या ओतल्या.

वर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला. शेवटची फेरी. दयानंद सवयीनं अर्धे उठले.

"जायचं का?" चांगुणानं विचारलं.

"जाऊ दे तिला. उद्याच्या गाडीनं जाऊ."

अंधार पडायच्या आत ते वर आले. चहाचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मम्मानं त्यांना घरातली एक खोली दिली आणि चुलीपुढं जेवायला बसवलं. भाकरी थापता थापता तिनं सहज विचारलं, "लेकरं किती तुमाला?"

दरवेळी 'दोन' म्हणायची सवय झालेली चांगुणा तोंड उघडणार, तोच दयानंद म्हणाले, "तीन. थोरला उमाकांत. तो ऱ्हायला न्हाई."

चांगुणाचा घास हातातच थांबला. लक्ष्मम्मानं दोघांच्या ताटात गरम भाकरी वाढली.