निळ्या कुंडाचा महिमा

सकाळचे सात वाजले नव्हते, तरी ओढ्यावरच्या पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर रांग लागली होती, कडेला चपलांचा ढीग पडला होता आणि जो तो बाटली, कॅन, डबा असं काहीतरी हातात धरून उभा होता. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. तिथे, गाळाने काळ्या पडलेल्या ओढ्याच्या काठाशी, मातीचा बांध घालून एक खोलीएवढं कुंड केलं होतं आणि त्यातलं पाणी निळंशार होतं. तळाचा खडा न् खडा दिसत होता. वास नाही, शेवाळ नाही, डासाचा मागमूस नाही.

कुंडाच्या डोक्याशी फळ्यांच्या बैठकीवर पाणबाबा बसले होते. पाणबाबा हे नाव लोकांनीच ठेवलेलं. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं.

"बाळांनो, लोक अकरा वर्षं फावडी मारत बसले," बाबा संथ आवाजात सांगत होते. "मी फक्त अकरा दिवस डोळे मिटून बसलो. पाण्याला घाम नको असतो, भाव हवा असतो. मनाचा गंज गेला, की लोखंडाचाही जातो."

एवढं झालं की शिष्य लोखंड मागायचे. कुणी किल्ली द्यायचं, कुणी खिळा. बाबा तो दोऱ्याला बांधून कुंडात सोडायचे आणि थोड्या वेळाने वर काढायचे. काळा खिळा लालसर पिवळा होऊन, चकाकत बाहेर यायचा. सोनं हा शब्द बाबा स्वतः कधी उच्चारत नसत. ते काम शिष्यांकडे होतं, आणि ते मोठ्या आवाजाचे होते.

रांगेत दोघी बहिणी होत्या. थोरलीला सगळी वस्ती ताई म्हणायची. शाळेत बाटल्या धुणारी, विज्ञानाच्या खोलीत प्रयोगाची मांडणी करून देणारी धाकटी मात्र साठीला आली तरी धाकटीच राहिली होती. तिने ताईला दंडाला धरलं होतं, कारण ताईच्या उजव्या पायाला पट्टी होती.

ती जखम ओढ्यानेच दिली होती. ताईने बायकांना शिवणकाम शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि उतारवयात, अकरा वर्षांपूर्वी, हा ओढा हाती घेतला. दर रविवारी चार माणसं जमवायची, गमबूट घालून उतरायचं, गाद्या, टायर, प्लास्टिक उपसायचं, काठावर गवत लावायचं. लोक त्यांना थट्टेने रविवारची मंडळी म्हणत, पुढे पुढे ती थट्टाही थांबली. मंडळी चाराची चाळीस झाली. पुलाच्या वरच्या अंगाला गोगलगायी परत आल्या, खंड्या पक्षी तारेवर बसू लागला. त्या दिवशी ताईने घरी येऊन धाकटीला तीनदा तीच बातमी सांगितली होती.

चार महिन्यांपूर्वी गाळातली काच बुटातून आरपार तळव्यात गेली. ताईला मधुमेह. जखम भरेना. डॉक्टरांनी रोज पट्टी करायची, पाय अजिबात भिजवायचा नाही असं बजावलं होतं. तेवढ्यात बाबा आले. ज्या वळणावर पुढच्या रविवारी फावडी लावायची होती, नेमक्या त्याच वळणावर त्यांचं आसन लागलं. जागा पवित्र आहे, इथे कुणी खणायचं नाही, असं जाहीर झालं. निम्मी मंडळी फावडी ठेवून रांग सांभाळायला लागली.

धाकटीला वाटलं होतं, ताई त्यांना झापेल. ताई स्वतःच जाऊन रांगेत उभी राहिली. कुंडाचं पाणी तिने तीन दिवस जखमेवर घेतलं आणि वाहणारी जखम कोरडी झाली. वर तपकिरी खपली धरली.

"बघ," ती म्हणाली होती, "ओढ्याने ऐकलं गं आपलं. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलत होते, वेड्यासारखी."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद धाकटीने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यामुळे आज रांगेत उभं असताना, दोऱ्याला लटकलेला तो खिळा डोळ्यांसमोर लाल झाला तेव्हा धाकटीने तो प्रयोग ओळखला, पण ताईला सांगितलं नाही. एकतीस वर्षं तिने नववीच्या वर्गासाठी हा प्रयोग मांडला होता. चंचुपात्रात मोरचुदाचं पाणी, त्यात लोखंडी खिळा. मुलं दर वर्षी तोंड वासून बघायची. पाण्यातलं तांबं खिळ्यावर चढतं, बस्स. मोरचूद म्हणजे विष. शेवाळ मारायला वापरतात, गोगलगायी मारायला वापरतात. कुंडात डास का नव्हते, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ते पाणी स्वच्छ नव्हतं. ते मेलेलं होतं.

घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी ताई गुणगुणत भाजी चिरत होती. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ताईने शेजारणीला पाय उघडून दाखवला. मग धाकटीने एकदा विषय काढून पाहिला, की या पाण्यात काहीतरी रसायन असेल. ताई थंडपणे म्हणाली, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" त्यावर धाकटी गप्प बसली. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी ताईला हुडहुडी भरली. पाय घोट्यापर्यंत सुजला, खपलीच्या कडेने काळं वर्तुळ उमटलं. इस्पितळात डॉक्टरांनी खपली उचलली तेव्हा खोलीभर कुजका वास पसरला. पायाला काय लावलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं, की मोरचुदाने वरची कातडी जळून आखडते, जखमेचं तोंड मिटतं, माणसाला वाटतं भरून आली. पू आत कोंडतो आणि वर चढत जातो. आठवडाभर आधी आणलं असतं तर पाय राखता आला असता.

आठवडाभर आधी. हे दोन शब्द धाकटी पुढे कधी विसरली नाही.

दुपारी ताईचा पाय गुडघ्याखाली कापला.

ताईच्या खाटेशी त्यांची एक भाची बसली आणि धाकटी थेट नळ दुरुस्तीवाल्याकडे गेली. रविवारच्या मंडळीतला तो जुना माणूस. कुंडाकडे एकदाही फिरकला नव्हता. त्याने ऐकून घेतलं आणि तिला एकच विचारलं, बाबांचं मौन कोणत्या वारी असतं. दर मंगळवारी, ती म्हणाली. मंगळवारी दर्शन बंद, कुंडावर कापड.

"आणि काठावरच्या तांब्याच्या भांड्यांच्या कारखान्याला सुट्टी कधी?" तो म्हणाला. "मंगळवारीच. त्या दिवशी निळं पाणी येणार कुठून? मी त्यांचे नळ जोडलेत, बाई. भांडी उजळायला तिथे आम्लाची टाकी आहे. ते पाणी साफ करून सोडायचं असतं. साफ करायचा हौद कोरडा ठणठणीत पडलाय."

मंगळवारी दोघं ओढ्यात उतरून पाण्याच्या अंगाने वर गेली. बैठकीच्या फळ्यांखाली मनगटाएवढा पाइप होता, नव्या सिमेंटने बसवलेला, तोंडाशी निळी खपली धरलेला. पाइप झाकायला आसन, आणि फावडं लांब ठेवायला देव. ही इतकी सोपी गोष्ट होती. धाकटीने कुंडात लिटमसचा कागद बुडवला, तो तांबडाभडक झाला. नळवाल्याने प्रदूषणाच्या कचेरीत अर्ज दिला आणि उद्याच या म्हणून सांगून आला.

बुधवारी धाकटी गर्दीत शिरली ती शाळेतली बरणी पोटाशी धरून. शिष्यांनी अडवलं नाही. ताईची बहीण म्हणून वाट दिली. ती खालच्या पायरीवर उभी राहिली. आवाज तिचा मोठा नव्हता, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय होती.

हे पाणी शाळेच्या नळाचं आहे, तिने सांगितलं, आणि बरणीत सगळ्यांदेखत चिमूटभर निळी पूड टाकली. दुकानात मिळणारं मोरचूद. मग पुढच्या माणसाकडून खिळा मागून घेतला आणि आत सोडला.

"मी जप केला नाही, डोळे मिटले नाहीत. मी शाळेत बाटल्या धुवायचे. आता थांबा."

थोड्या वेळाने तिने खिळा वर काढला. बाबांच्या खिळ्यासारखाच लाल, चकचकीत. तिने तो रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात दिला आणि पुसायला सांगितलं. बाईने पदराने घासला, तशी लाली निघून खालचं काळं लोखंड दिसलं.

बाबा हसले. "बाळ, तुझं ते नकली. आमचं अस्सल."

"मग अस्सल प्या," धाकटी म्हणाली. "एक पेला. सगळ्यांसमोर."

बाबांनी आज उपास असल्याचं सांगितलं. पाण्याचाही, असं एका शिष्याने घाईने जोडलं. तेवढ्यात नऊ वाजले, कारखान्याचा भोंगा झाला, आणि नळवाल्याने बैठकीची कडेची फळी पहारीने उचकटली. पाइप आधी खोकला, मग त्यातून निळं पाणी भकाभका कुंडात पडायला लागलं. पूलभर माणसं ते बघत होती.

रांगेतला एक म्हातारा पुढे आला. त्याने बाबांकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे तर आमच्या कारखान्यातले कोठारवाले. आम्लाचे कॅन हेच मोजून द्यायचे. दाढी वाढवली म्हणून ओळखलं नाही."

गोष्टीत असं झालं की लोक बाबाला बदडतात. तिथे तसं झालं नाही. काहींनी बाटल्या रिकाम्या केल्या. काही मान खाली घालून गेले. एकाने नळवाल्याला दगड मारला, तो कपाळावर बसला. आणि तीन-चार जणांनी, सगळं बघूनसुद्धा, गपचूप आपले कॅन भरून घेतले. संध्याकाळी अधिकारी आले तोवर बाबा पसार झाले होते. कारखान्याच्या मालकाने आपण असल्या कुठल्या बाबाला ओळखत नाही असं सांगितलं. पाइपाला सील लागलं.

धाकटी इस्पितळात गेली आणि ताईला सगळं सांगितलं, आपल्याला आधीच कळलं होतं हेही.

"मी तुला बोलू दिलं नसतं," ताई म्हणाली.

"तरी बोलायला हवं होतं."

"हो," ताई म्हणाली. "हवं होतं."

मग तिने विचारलं, ओढा खाली किती दूरवर मेलाय. धाकटीने सांगितलं, पुलापासून रस्त्याच्या मोरीपर्यंत. वरचं शाबूत आहे. ताईने मान हलवली. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. आणखी सहा दिवसांनी ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी सातजण आले. ते बांध फोडायच्या तयारीत असताना एक तरुण बाई पुलावरून खाली आली. कडेवर लहान मूल, त्याच्या मानेवर इसब, हातात निळ्या पाण्याची बाटली. हे अजून थोडं राहिलंय, फेकून देऊ का, असं तिने हळूच विचारलं. तिला फेकवत नव्हतं, हे दिसत होतं.

धाकटीने बाटली काढून घेतली आणि ओढ्यात न ओतता बाजूच्या पिंपात ठेवली. मग तिला काठावर बसवलं आणि सरळ सांगितलं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारायचं, हे आलं कुठून. जो विचारू देत नाही, खणू देत नाही, त्याच्या बुडाखाली काहीतरी लपलेलं असतं. पोराला आज, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने, त्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. आणि उद्या तुला काही कळलं, तर कुणाचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नकोस. मी आठ दिवस गप्प बसले.

बाई उठली. चार पावलं गेल्यावर थांबली आणि दवाखाना नक्की कोणत्या बाजूला, असं विचारलं. धाकटीने फावडं टेकवून ठेवलं, हात पुसले, आणि तिच्याबरोबर दाखवायला निघाली.