इंजिनावरचा नंबर

"नंबर दिसत नाहीये," परीक्षक म्हणाले आणि बॉनेटखाली आणखी वाकून त्यांनी टॉर्चचा झोत फिरवला.

"नीट बघा हो. तेल बसलं असेल त्यावर," बाई म्हणाल्या.

"तेल कसलं, बाई? इथं तोंड बघून भांग पाडावा इतकं गुळगुळीत आहे."

शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीला हे ऐकून आधी बरंच वाटलं. आपल्या कामाला कोणी गुळगुळीत म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. परीक्षकांच्या कपाळावरच्या आठ्या त्याला जरा उशिराच दिसल्या.

सुट्टीतली ही जुन्या गाड्यांची सहल तीन दिवसांची असे. बावीस गाड्या, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, आणि सगळ्यांत मागे दुरुस्तीची व्हॅन घेऊन मिस्त्री. बावीसांपैकी चौदा त्याच्याच हाताखालून गेलेल्या. कोणती गाडी चढावर धापा टाकणार, कोणती सकाळी रुसून बसणार, हे त्याला तोंडपाठ होतं. मालक मंडळी त्याला जेवताना आपल्यात बसवत, आणि कोणी नवखा आला की "हे आमचे मिस्त्री" अशी ओळख करून देत. तीस वर्षांत त्याने कमावलं ते एवढंच, पण ते त्याला भरपूर वाटे.

यंदा संघटनेने नवीनच टूम काढली होती. कोणत्या गाडीत अजून जन्माचंच इंजिन आहे, ते दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या मुक्कामी तपासायचं. बाईंची काळी गाडी सहलीतली सगळ्यांत म्हातारी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी फॉर्मवर आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिन मूळचेच आहे. वडिलांनी गाडी कोरी घेतली तेव्हापासूनचे.' खाली सही, तारीख.

"कागदावर नंबर आहे, इंजिनावर नाही," परीक्षक सरळ होत म्हणाले. "याचा अर्थ इंजिन बदललंय. आणि दुसरीकडचं म्हणून ओळखू येऊ नये, अशी कोणीतरी काळजी घेतलीय."

"म्हणजे चोरीचं?"

"तसं मी म्हणत नाही. पण माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत, बाई. दावा खरा, दावा खोटा."

जन्मभर पोरांच्या थापा पकडणारी ही बाई, आज भर दुपारी पन्नास माणसांपुढे खोटी ठरत होती. "माझे वडील तसले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

आणि तेव्हा मिस्त्रीला ते आठवलं.

बारा वर्षांपूर्वी या गाडीचं पाणी गळायला लागलं होतं. इंजिनाचा वरचा माथा वाकला होता, म्हणून त्याने तो मशीनवर घासून सपाट करून आणला. माथ्याच्या कडेला बोटभर पट्टी होती. तिच्यावर ठोकलेले इंजिनाच्या नंबरचे आकडे मशीनने अर्धेमुर्धे खाल्ले होते. ते पुसट, तुटके आकडे त्याला डोळ्यांत खुपले. चांगल्या कामाला गालबोट नको म्हणून त्याने कानस घेतली, मग पॉलिश पेपर घेतला आणि तासभर बसून पट्टी आरशासारखी केली. नंबर काय, कागदावर होताच. इंजिनात डोकावून तो कोण वाचणार होतं? त्या काळी जुनी गाडी म्हणजे नुसती जुनी गाडी असायची.

आता तो गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण समोर बाई रुमालाने चष्मा पुसत होत्या, आणि पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवत नव्हत्या.

"साहेब, इंजिन मूळचंच आहे," तो म्हणाला. "नंबर मी घालवला."

"तुम्ही?" बाईंनी वळून पाहिलं.

"माथा घासायला नेला होता बघा, पाणी गळत होतं तेव्हा. त्यात गेला. जो उरला होता तो मी कानशीनं काढला."

"का पण?"

"घाण दिसत होता."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही, बाई."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. राग आला असता तर त्याला सोसला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता धक्का होता, जसा घरच्याच माणसाने दिलेला असतो.

"माथा घासला असेल तर उंची कमी भरेल, मी मोजून घेतो," परीक्षक म्हणाले. "पण हे मला लेखी लागेल."

मिस्त्रीने व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या आणि सही केली. बाईंनी कागद वाचला, परीक्षकांच्या हाती दिला आणि त्या तळ्याकडे निघून गेल्या.

मग कुठेतरी एक बॉनेट उघडल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ दुसरा. मिस्त्रीने मान वर करून पाहिलं. त्याच्याबरोबर जेवणारी माणसं आपापल्या गाड्यांत वाकली होती. कोणी मोबाइलचा उजेड पाडत होतं, कोणी बोटाने चाचपत होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. ते त्याच्याकडे बघतही नव्हते, आणि तेच त्याला जास्त लागलं. एकेक नंबर सापडत होता आणि एकेक बॉनेट खाली येत होतं.

त्याने मनातल्या मनात उजळणी केली. माथा घासून पट्टी गुळगुळीत केलेल्या गाड्या दोनच. एक बाईंची. दुसरी रांगेच्या टोकाला उभी असलेली डॉक्टरांची लाल गाडी.

डॉक्टर पंच्याहत्तरीचे. मिस्त्रीच्या मुलीच्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसलेले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नव्हता. घडीच्या खुर्चीत बसून ते निवांत चहा पीत होते.

मिस्त्री रांगेवरून चालत निघाला.

"ये रे, ये," डॉक्टरांनी लांबूनच हाक मारली. "या लोकांचं डोकं फिरलंय. मी बघ, उघडूनसुद्धा बघितलं नाही. तू माझी गाडी बिघडवशील होय?"

मिस्त्रीने लाल बॉनेटचा चामडी पट्टा सोडला, बॉनेट वर केलं आणि ते हाताने धरून ठेवलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "एकदा बघून घ्या."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिशात चष्मा शोधायला सुरुवात केली. तो सापडेपर्यंत मिस्त्री बॉनेट धरून उभा राहिला.