मुक्काम वाढवून मिळाला

"आई, शाल गुडघ्यांवर ओढून घे. आणि चेहरा जरा दुखरा कर."

"तू बोलत राहा, आपोआप होईल," सिस्टर म्हणाल्या.

सरकारी कचेरीच्या लांबलचक बोळातून मुलगा त्यांची व्हीलचेअर ढकलत होता. सिस्टरांच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं. दवाखान्याच्या वॉर्डांत नर्स म्हणून जन्मभर उभ्याने राबलेले पाय होते ते. पण परदेशी येताना मुलानेच फोनवर युक्ती सांगितली होती: भाषा येत नाही ना, मग विमानतळावर व्हीलचेअर माग, थेट बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतात. सगळ्यांचेच आईबाप असे येतात. सिस्टरही तशाच आल्या, आणि दार आल्यावर उठून चालू लागल्या. ढकलणारा बघतच राहिला.

आता पाहुणी म्हणून राहायची मुदत संपत आली होती. सुनेची बाळंतपणाची रजाही संपली होती आणि बाळाला सांभाळणारी एकही बाई तिच्या पसंतीस उतरत नव्हती. तेव्हा मुलाने आईला न विचारता तिचं परतीचं तिकीट रद्द केलं, मित्राकडून व्हीलचेअर उसनी आणली आणि सकाळी गाडीत बसल्यावर बेत सांगितला: गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही म्हणायचं आणि मुक्काम वाढवून घ्यायचा. असल्या गोष्टी तो नेहमी गाडी चालवतानाच सांगे. रस्त्याकडे बघितलं की आईकडे बघावं लागत नाही.

"आणि छोटीच्या डोळ्याचं ऑपरेशन?" सिस्टरांनी विचारलं होतं. छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिकडे दोघी एकत्रच राहत. "मी जवळ असेन असा शब्द दिलाय तिला."

"मावशीला शेजारीपाजारी आहेत की. आई, थोडा आमचाही विचार कर ना."

कचेरीतली अधिकारी बाई टेबलामागून उठून आली. तिने वाकून सिस्टरांच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला. खोटे रोगी अशा वेळी विव्हळतात. सिस्टरांनी असले पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना वॉर्डाबाहेर काढलंही होतं. ज्याला खरंच दुखतं तो श्वास रोखून धरतो आणि दुसरीकडे बघतो. सिस्टरांनी श्वास रोखून धरला आणि खिडकीकडे पाहिलं. बाईने स्वतः जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं. सिस्टरांनी तो पेला न पिताच टेबलावर ठेवला.

शिक्का बसला. मुक्काम वाढला.

"काय नाटक केलंस, आई! बक्षीसच द्यायला हवं," बाहेर आल्यावर मुलगा खुशीत म्हणाला. "चल, ऊठ आता. गाडी त्या चढावर लावलीय."

"ढकल."

"अगं, आता इथे कोण बघतंय?"

"मला चालता येत असतं, तर मी घरी गेले नसते का?"

मुलगा हसला, पण एकट्यानेच. चढ संपेपर्यंत त्याचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

घरी सून ऑफिसला जायच्या घाईत होती. "आई, बाळाला घेता जरा?"

"हातातून पडलं तर गं? गुडघे गेलेत माझे. तुझ्या नवऱ्याने सरकारला सांगितलंय."

त्या दिवसापासून सिस्टर खुर्चीतून उठल्या नाहीत. चहा हातात मागितला. न्हाणीघरापर्यंत जायला दर वेळी मुलाचा खांदा घेतला, आणि त्यावर सगळा भार टाकला. बाळ रडत राहिलं, सून रजा वाढवून मागत राहिली आणि मुलगा एका हातात दुधाची बाटली व दुसऱ्या हातात फोन धरून साहेबाला सबबी सांगत राहिला. खोटं बोलायची त्याला सवय होती. बाळाला खांद्यावर घेऊन बोलायची नव्हती.

"आई, पुरे झालं हं!" शेवटी तो ओरडला.

"हळू बोल. आजारी माणसाशी असं बोलत नाहीत."

त्याने बाळाला सतरंजीवर ठेवलं आणि पाय आपटत आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. तो विमानाच्या तिकिटाची चौकशी करत होता: एकच माणूस, मिळेल ते पहिलं विमान. हो, व्हीलचेअर लागेल.

बाळ रांगत खुर्चीपाशी आलं. शालीचं टोक धरून उभं राहिलं आणि आजीकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. स्वतःचे हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.