बेडकाची भीती

घरात तिला 'मोठी' म्हणत आणि तिच्या भावाला 'बेडूक'. बेडूक चौदा वर्षांचा. पाणी दिसलं की त्याला टॉवेल शोधायचाही धीर नसे. मोठी सतरा वर्षांची, अबोल, आणि तिचे हात जरा विचित्र होते.

विचित्र म्हणजे कसे, ते आईला पहिल्यांदा दवाखान्यात कळलं. आई दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस होती आणि शाळा सुटली की मोठी तिथल्याच बाकावर अभ्यासाला बसे. आठ वर्षांची असताना तिनं शेजारी बसलेल्या एका आजोबांचा हात धरला. दाढ काढायच्या धास्तीनं बिचारे घामाघूम झाले होते. हात धरल्याबरोबर आजोबा टुणकन उठले आणि नाटकाला निघाल्यासारखे आत जाऊन खुर्चीत बसले. मोठी मात्र बाकाखाली शिरून थरथरत राहिली. डॉक्टरीणबाई तिला ओढून काढायला वाकल्या, तिनं त्यांचा पंजा गच्च धरला, आणि ती भीती तिकडे गेली. बाईंनी त्या दिवशी चिमटा हातात घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून दवाखाना बंद केला.

लहानसहान भीती दिवसभरात विरून जाई. मोठी भीती मात्र विरत नसे, ती कुणाला तरी द्यावीच लागे.

"पुन्हा करायचं नाही," आईनं बजावलं. "दुसऱ्याच्या मनात हात घालणं आणि खिशात हात घालणं, दोन्ही एकच."

मोठीनं नऊ वर्षं ते ऐकलं. मग बेडकाचा कान फुटला.

पोहण्याच्या क्लबात एक कोच होते. दणकट, रुबाबदार, गळ्यात कायम शिट्टी. सगळ्यात उंच बोर्डवरून उडी मारणाऱ्या मुलांचा संघ त्यांना बांधायचा होता आणि त्यांची नजर बेडकावर होती. एका संध्याकाळी बेडूक वर गेला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "सर, आज नको. उतरतो मी."

कोच जिना चढून वर आले. "घाबरू नकोस. नुसता कडेला उभा राहा, मी हातसुद्धा लावत नाही," म्हणाले. आणि बेडूक कडेला गेल्यावर त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून त्यांनी त्याला ढकललं.

तो आडवा पडला, कानावर. पडदा फाटला. खाली उभ्या असलेल्या अकरा मुलांनी ते पाहिलं, पण संघात कोण जाणार ते कोच ठरवत, त्यामुळे अकराही जणांची दातखीळ बसली. क्लबच्या मॅनेजरनं एक कप चहा पिऊन होईपर्यंत चौकशी उरकली आणि कागदावर लिहिलं, मुलाचा पाय घसरला. आई दोनदा त्याच्याकडे जाऊन आली. दुसऱ्यांदा तर तिला खुर्चीही दिली नाही.

"जाऊ दे," घरी येऊन ती म्हणाली. "कान बरा झाला म्हणजे मिळवली."

कान बरा झाला, बेडूक झाला नाही. नळ सुरू झाला की तो खोलीबाहेर जाई. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. पाण्याचा पेला तोंडाला लावताना डोळे मिटून घेई. हे बघून मोठीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तिचा विचार चालू होता.

क्लबच्या वर्धापनदिनाला कोच दरवर्षी स्वतः त्या उंच बोर्डवरून उडी मारत. तो दिवस नऊ दिवसांवर आला, तेव्हा बेडूक बेसिनशी नाइलाजानं, तोंड फिरवून हात धूत होता. मोठीनं मागून जाऊन त्याचं मनगट धरलं.

भीती आली ती एकदम, गार पाणी नाकातोंडात गेल्यासारखी. ती बेसिनपासून मागे सरली. बेडकानं नळ बंद केला, पुन्हा चालू केला, पाण्याखाली हात धरून बघत राहिला.

"ताई, काय केलंस?"

"काही नाही. तोंड धू."

ते नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ओल्या फरशीवर पाय ठेवायचा तर भिंत धरावी लागे. आईनं अंघोळीबद्दल विचारलं की सर्दीचं निमित्त. वाटेत कुणालाही देऊन मोकळं होता आलं असतं. शेजारच्या काकू तर रोज हात हातात घेऊन बोलत. पण ही भीती तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवली होती.

वर्धापनदिनाला तलावाभोवती दोनशे माणसं होती. कडेच्या कठड्याला धरून मोठी जिन्यापाशी पोचली आणि हात पुढे केला.

"शुभेच्छा, सर."

कोच हसले. "तू त्या घसरलेल्याची बहीण ना? कान काय म्हणतो?"

"बरा आहे," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या अंगात ओतलं.

तिला अगदी हलकं वाटलं. कोच तळवा मांडीला पुसत जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यापर्यंत ते लोकांना हात दाखवत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. वर पोचल्यावर पाणी दिसलं आणि ते मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, गंमत करताहेत. टाळ्या पडल्या. कोच पोटावर पालथे झाले आणि बोर्डाला मिठी मारून, डोळे मिटून, लहान पोरासारखं कण्हू लागले. टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू तलावभर पसरलं.

मोठीला वाटलं होतं, एवढ्यानं आपलं समाधान होईल. झालं नाही. मॅनेजर वर कोण जातंय म्हणून इकडेतिकडे बघत होता. ती म्हणाली, "मी जाते," आणि वर गेली.

"मला खाली ने," कोच पुटपुटले. दात वाजत होते.

"घाबरू नका," ती म्हणाली. "नुसते कडेला उभे राहा. मी हातसुद्धा लावत नाही."

त्यांनी डोळे उघडले. "तू... तू काय केलंस मला?"

"माझ्या भावाकडे होतं ते तुमच्याकडे दिलं. तुमचंच होतं."

"काढ. पाया पडतो तुझ्या, काढ हे!"

"आधी खरं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

कोचनी मान वळवली आणि घसा फाटेपर्यंत ओरडून सांगितलं. "मी ढकललं त्या मुलाला! पाय घसरला नव्हता, मी ढकललं!" मग अकरा मुलांतली एक मुलगी म्हणाली, "आम्ही बघितलंय," आणि लगेच दुसरा, तिसरा. मॅनेजरचा चेहरा उतरला.

कोचनी हात पुढे केला. "सांगितलं ना! आता काढ."

मोठीनं त्या हाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काढीन असं मी कधी म्हटलं?" असं म्हणून ती जिना उतरली.

कोचना दोन माणसांनी डोळ्यांवर टॉवेल बांधून खाली आणलं. त्यांची नोकरी गेली. मॅनेजरनं घरी येऊन आईची माफी मागितली. आईनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तो बोलत असताना भाजी निवडत राहिली.

बेडूक पुन्हा पोहू लागला. एके दिवशी तो केस पुसत विचारता झाला, "ताई, माझी भीती अजून सरांकडेच आहे?"

"हो."

"ती कशी असते ते तुला माहीत आहे. नऊ दिवस होती तुझ्याकडे."

"माहीत आहे म्हणूनच ठेवली."

तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पुढच्या रविवारी न सांगता कोचच्या घरी गेला. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. कोच आतल्या खोलीत, दाढी वाढलेले. बेडकानं पातेलीत बोटभर पाणी आणलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसला. पहिल्या दिवशी कोचनी नुसतं बघितलं. मग दर रविवारी बेडूक जाऊ लागला.

"आज मनगटापर्यंत हात बुडवला त्यांनी," तो घरी येऊन सांगे.

"मला सांगू नकोस," मोठी म्हणे.

तिनं एकदा हात लावला असता तर क्षणात निभावलं असतं. हे बेडकाला ठाऊक होतं आणि तिलाही. त्यानं कधी मागितलं नाही, तिनं कधी देऊ केलं नाही. तिला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर त्या वर्षी तरी नाही. रविवारी तो चपला घालू लागला की ती पुस्तकात डोकं घाली, आणि तो परत येईपर्यंत तिच्याकडून एक पानही उलटत नसे.